फलकाने खरे बोलले पाहिजे

रस्त्याच्या कामाच्या ठिकाणी सर्वांत धोक्याची जागा कोणती, असे विचारले की लोक खोदलेल्या चराकडे, रोलरकडे, नाहीतर लाल झेंडी धरून उभ्या असलेल्या कामगाराकडे बोट दाखवतात. त्या जागा धोक्याच्या आहेतच. पण भरधाव वाहतुकीच्या रस्त्यावर आणखी एक जागा असते, आणि तिथे ना प्लास्टिकचा कोन असतो, ना दिवा, ना माणूस. कामासाठी एक लेन बंद झाली, वाहने तुंबली, रांग मागे मागे वाढत गेली. त्या रांगेचे शेपूट म्हणजे ती जागा. तिथे पुढची गाडी जवळपास उभी असते आणि मागून येणारा ताशी 100 किलोमीटरने येत असतो. काम तर त्याला अजून दिसलेलेही नसते.

थोडे गणित करून पाहू. दोन लेनवरून तासाला 3,000 वाहने येत आहेत असे धरा. एक लेन बंद केली की उरलेल्या लेनमधून तासाला साधारण 1,500 वाहने निघतात. उरलेली निम्मी जाणार कुठे? ती मागे साचतात. या हिशेबाने रांगेचे शेपूट मिनिटाला सुमारे दीडशे मीटर मागे सरकते, म्हणजे दहा मिनिटांत दीड किलोमीटर. मारुतीच्या शेपटाची गोष्ट लहानपणी ऐकलेली असते, इथे ती डोळ्यांसमोर घडते. काम सुरू करताना रोवलेला ‘पुढे काम सुरू आहे’ हा फलक तोवर रांगेच्या मधोमध गेलेला असतो. ज्याला सावध करायचे, तो अजून त्या फलकापर्यंत पोचलेलाच नाही. आणि फलक वाचणारे सगळे आधीच उभे आहेत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात, तसाच हा प्रकार.

आता मागून येणाऱ्या चालकाच्या जागी बसा. ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर. रस्ता आखणारे अभियंते असे धरून चालतात की चालकाला अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद जातात. तेवढ्यात गाडी 70 मीटर पुढे गेलेली असते. नंतर नेहमीसारखा ब्रेक लावून थांबायला आणखी 115 मीटरच्या आत-बाहेर. एकूण साधारण 185 मीटर. हेच ताशी 60 किलोमीटरला 85 मीटरच्या आसपास भागते. म्हणजे शंभर मीटरचा फरक आहे, आणि तो फरक पडतो तो फक्त ‘आधी कळले’ या दोन शब्दांमुळे. रस्त्याला चढ असेल, वळण असेल, समोर उंच ट्रक असेल, तर चालकाला 185 मीटर आधी काही दिसतच नाही. त्याने कितीही मन लावून गाडी चालवली तरी दिसत नाही. म्हणून ‘चालकांनी काळजी घ्यावी’ हे वाक्य मला अपुरे वाटते. काळजी कशाची घ्यायची, हे त्याला वेळेत सांगणे हे रस्ता सांभाळणाऱ्याचे काम आहे.

अमेरिकेत अलीकडच्या काळात रस्त्यावरच्या कामाच्या पट्ट्यांत दरवर्षी आठशेहून अधिक माणसे मरतात. मरणाऱ्यांत कामगार किती असतील, असे विचारले तर बहुतेकांचा अंदाज चुकतो. पाचांपैकी साधारण चार जण हे वाहनांतले चालक आणि प्रवासी असतात. मागून आदळण्याचे प्राणघातक अपघात इतर रस्त्यांच्या मानाने इथे खूपच जास्त, आणि त्यांत अवजड ट्रकचा वाटाही मोठा. कामगारांचा जीव कमी मोलाचा असे यातून कुणी काढू नये. कामगार तिथे आठ-दहा तास उभा असतो, प्रवासी दोन मिनिटांत निघून जातो. मुद्दा एवढाच की कामाच्या पट्ट्याची सुरक्षितता ही ‘त्यांची’ बाब नाही. गाडीत बसून जाणाऱ्या प्रत्येकाची आहे.

तंत्रज्ञानाचा मी पुरस्कार करतो तो नेमक्या याच ठिकाणी आणि याच कारणासाठी. पत्र्याच्या फलकाला रांग कुठवर आली हे कळू शकत नाही. रडारला कळते. कामाच्या अलीकडे ठरावीक अंतराने चाकांच्या गाड्यांवर छोटे सेन्सर उभे करायचे. प्रत्येकाला सौर पॅनेल, बॅटरी आणि मोबाइलचे सिम. प्रत्येक सेन्सर आपल्या समोरून जाणाऱ्या वाहनांचा वेग मोजत राहतो. चौथ्या सेन्सरसमोर वेग एकदम खाली आला की रांग तिथवर आली, हे यंत्रणेला कळते, आणि दोन किलोमीटर मागचा दिव्यांचा फलक उजळतो: ‘2 किमी पुढे वाहने थांबली आहेत’. रांग ओसरली की फलक पुन्हा काळा होतो. बस, एवढेच. यात चमत्कार काही नाही, आणि कल्पनाही नवी नाही. नेदरलँड्समध्ये महामार्गांवरच्या कमानींवर वेग घसरल्याचे आपोआप ओळखून मागच्या वाहनांना इशारा देणारी व्यवस्था 1980 च्या दशकापासून आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या आय-35 या महामार्गाच्या रुंदीकरणाच्या वेळी रात्रीच्या लेनबंदीत अशी हलवता येणारी यंत्रणा वापरली गेली. तिच्या जोडीला रस्त्यावर आडव्या टाकायच्या, गाडी जाताना खडखडणाऱ्या पट्ट्याही होत्या. तिथल्या अभ्यासकांना अपघातांत स्पष्ट घट दिसली. मला या जोडीचे विशेष वाटते. डोळ्याला फलक आणि पेंगुळलेल्या अंगाला खडखडाट. रात्री दोन वाजता एकट्या डोळ्यावर विसंबून चालत नाही.

पण इथे एक अट आहे, आणि सगळा लेख मी त्या अटीसाठी लिहितो आहे. फलक खरे बोलला पाहिजे.

‘पुढे काम सुरू आहे, वेग कमी करा’ असा फलक दिसतो. आपण पाय उचलतो. एक किलोमीटर जातो, दोन जातात. कडेला चार कोन आडवे पडलेले, खडीचा एक ढीग, माणूस नाही, यंत्र नाही. ‘काम संपले’ असा फलक तर येतच नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आपला पाय उचलला जात नाही, आणि चौथ्या दिवशी तिथे खरोखरच माणसे काम करत असतात. यात चालकाला बेफिकीर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याला बेफिकिरी शिकवली कुणी? लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि रस्त्यावर रोज तीच करतो. खोटा इशारा हा नसलेल्या इशाऱ्यापेक्षा वाईट, कारण तो फक्त स्वतः निकामी होत नाही, पुढच्या प्रत्येक खऱ्या फलकाची पत घालवून ठेवतो.

दिव्यांचा फलक लावला म्हणजे हा रोग आपोआप जातो असेही नाही. उलट तो अधिक झगझगीत होतो. कुणीतरी महिन्यापूर्वी टाकून ठेवलेला ‘सुरक्षित प्रवास करा’ हा मजकूर दिवसरात्र फिरत राहतो. तीन-तीन पाने आळीपाळीने येतात आणि दोन वाचून होईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. असा फलक दिवसा साधारण 240 मीटरवरून वाचता यावा, रात्री 180 मीटरवरून, असे अमेरिकेचे वाहतूक नियंत्रणाचे प्रमाण आहे आणि दोनपेक्षा जास्त पाने दाखवू नयेत असेही तिथे बजावलेले आहे. ताशी 100 च्या वेगाने 240 मीटर म्हणजे आठ-साडेआठ सेकंद, रात्रीचे 180 मीटर म्हणजे साडेसहा. एवढ्यात उपदेश मावत नाही. काय झाले, किती पुढे, काय करायचे, इतकेच मावते. ‘सावकाश जा’ हे चालकाने हजारदा वाचलेले असते. ‘1 किमी पुढे वाहने उभी’ हे वाचले की पाय आपोआप ब्रेककडे जातो, कारण ते कुठल्याही रस्त्याला लागू पडणारे वाक्य नाही. आजचे, आत्ताचे, इथले आहे. आणि रात्री तोच फलक दिवसाच्या तेजाने जळत ठेवला तर त्याच्यापलीकडचा झेंडीवाला दिसतच नाही. उजेड कमी करण्याचे बटण त्या यंत्राला असते. कुणाला तरी ते लावायचे सांगितलेले असावे लागते.

लेनमध्ये शिरण्याचेही तसेच. ‘उजवी लेन बंद’ हे दोन किलोमीटर आधी वाचून सभ्य माणसे लगेच डावीकडे सरकतात, एक लेन रिकामी राहते, आणि तिच्यातून शेवटपर्यंत पळत येणाऱ्यांवर बाकीचे चिडतात. वाहतूक तुरळक असेल तर आधी सरकणे योग्यच. पण गर्दी असेल तर दोन्ही लेन शेवटपर्यंत वापरून टोकाला एकाआड एक मिसळणे चांगले. रांग दोन लेनमध्ये विभागते, तिची लांबी निम्म्यावर येते आणि शेपूट मागच्या वळणाच्या पलीकडे जात नाही. कायमचा फलक यातले एकच काहीतरी सांगू शकतो. वेग मोजणारी यंत्रणा परिस्थिती पाहून सूचना बदलू शकते. चिडणाऱ्या माणसालाही मग फलकाचा आधार असतो की शेजारचा घुसखोर नाही, सांगितल्याप्रमाणेच येतो आहे.

खरेपणाचा हाच प्रश्न आता फोनमधल्या नकाशापर्यंत गेला आहे. बरेच चालक फलकापेक्षा नकाशाचे ऐकतात. नकाशाला कामाची माहिती मिळते कुठून? बऱ्याचदा परवान्याच्या कागदावरून. कागदावर लिहिलेले असते रात्री 9 ते पहाटे 5. प्रत्यक्षात यंत्र उशिरा येते, पाऊस पडतो, डांबर थंड होते, काम दुसऱ्या रात्रीवर जाते. कागद मात्र ‘काम सुरू’ म्हणतच राहतो. यावरचा उपाय मला सगळ्या साधनांत सर्वांत सुबक वाटतो. लेन बंद केल्यावर जो बाणाचा दिव्यांचा फलक लावतात, त्यातच जागा सांगणारे छोटे यंत्र बसवायचे. कामगाराने बाण सुरू केला की त्या क्षणी, त्या ठिकाणी लेन बंद झाल्याची नोंद होते. बाण विझवला की नोंद जाते. वेगळा अर्ज नाही, फोन नाही, कुणी संगणकासमोर बसून भरायचे नाही. जे काम त्याला करायचेच आहे, त्यातूनच बातमी तयार होते. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या पुढाकाराने ‘वर्क झोन डेटा एक्स्चेंज’ नावाचा एक सामायिक नमुना तयार झाला आहे, तो अशी माहिती सगळ्यांना एकाच भाषेत मिळावी म्हणून. स्वतः लेन धरून चालणाऱ्या गाड्या वाढत आहेत, त्यांना तर याची निकड जास्त. कामात जुने पट्टे पुसून नवे मारतात. जुने नीट पुसले जात नाहीत, ओल्या रस्त्यावर किंवा तिरप्या उन्हात ते नव्यापेक्षा जास्त चमकतात. माणूस तिथे गोंधळतो. कॅमेऱ्याने पाहणारी गाडीही गोंधळते, आणि तिला आधी कुणी सांगितले नसेल तर ती जुन्या पट्ट्यावर विश्वास टाकून कोनांच्या दिशेने जाते.

आता वेगाकडे. 22 मार्च 2023 रोजी, भरदुपारी, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गावर दोन गाड्या ताशी 100 मैलांहून, म्हणजे 160 किलोमीटरहून अधिक वेगाने चालल्या होत्या. लेन बदलताना त्या एकमेकींना लागल्या. एक गाडी काँक्रीटच्या अडथळ्यांमधल्या मोकळ्या जागेतून कामाच्या पट्ट्यात शिरली आणि तिथले सहा कामगार मेले. अडथळा होता. काँक्रीटचा, भक्कम. पण कामाची वाहने आत-बाहेर करतात म्हणून त्यात फट ठेवलेली असते, आणि गाडी नेमकी फटीतूनच आत आली.

या घटनेकडे पाहून ‘अधिक कॅमेरे लावा’ असे म्हणणारे बरोबर आहेत, पण अर्धेच. कॅमेऱ्यांच्या बाजूने मी आहे, पण एका जागी दबा धरून बसलेल्या कॅमेऱ्याच्या बाजूने नव्हे. त्याच्यासमोर लोक करकचून ब्रेक मारतात आणि पन्नास मीटरवर पुन्हा पाय दाबतात. कामाच्या पट्ट्यात असा अचानक ब्रेक म्हणजे मागच्याला आमंत्रण. पट्ट्याच्या सुरुवातीला आणि शेवटी गाडीची वेळ टिपून सरासरी वेग काढणारी पद्धत चांगली. ब्रिटनमध्ये मोटरवेवरच्या मोठ्या कामांत ती वर्षानुवर्षे रुळली आहे. तिथे सगळेच एका संथ लयीत चालतात, कारण मध्येच पळून फायदा नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. याच देशाने 2020 मध्ये आणखी एक धडा घालून दिला. कामांच्या पट्ट्यांत सरसकट असलेली ताशी 50 मैलांची मर्यादा, जिथे सुरक्षित आहे तिथे 60 करायला त्यांनी सुरुवात केली. वेग वाढवून सुरक्षितता? वरवर उलटे वाटते. पण जिथे 60 चालते तिथे 50 लिहून ठेवले की लोक मर्यादेवरचा विश्वास सोडतात, आणि मग जिथे खरोखर 50 हवे तिथेही पाळत नाहीत. वेगमर्यादासुद्धा एक विधानच असते, आणि तेही खरे असावे लागते.

‘कामगार नसताना मर्यादा कशाला?’ असा प्रश्न वाहनचालक तावातावाने विचारतात. त्यांचा अर्धा मुद्दा मला पटतो. लेन मोकळ्या, पृष्ठभाग पक्का, कडेला काही नाही, तर मर्यादा उठवलीच पाहिजे, आणि दिव्यांच्या फलकावर ती पाच मिनिटांत उठवता येते. पण लेन अरुंद केलेल्या असतील, कडेची थांबायची जागा गेलेली असेल, डांबराच्या दोन थरांमध्ये वीतभर पायरी असेल, तर एकही कामगार नसताना धोका तसाच आहे. अशा वेळी ‘अरुंद लेन’ असे कारण मर्यादेसोबत लिहावे. कारण कळले की माणूस ऐकतो.

बाल्टिमोरचा उरलेला अर्धा मुद्दा मात्र कॅमेऱ्याच्या आवाक्यात नाही. दंडाची चिठ्ठी आठ दिवसांनी घरी येते. गाडी फटीतून आत क्षणात येते. तिथे उपयोगी पडते ती फटीची रचना: ती कुठे ठेवली, तिचे तोंड येणाऱ्या वाहतुकीकडे आहे की उलट, तिच्या आत माणसे किती अंतरावर उभी राहणार, मध्ये धक्का झेलणारे वाहन उभे आहे का. या जुन्या, कंटाळवाण्या, चित्र काढून ठरवायच्या गोष्टी आहेत आणि त्यांना पर्याय नाही. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये ‘रस्त्यावर एकही मृत्यू नको’ हे धोरण स्वीकारले, त्याच्या मुळाशी हाच विचार होता: माणूस चुकणार, हे धरूनच रस्ता असा बांधायचा की चुकीची शिक्षा मृत्यू नसावी.

म्हणूनच काही उपकरणांकडे मी साशंकपणे पाहतो. कोनांच्या ओळीवर सेन्सर लावायचे, गाडी आत घुसली की कामगाराच्या बंडीत कंप किंवा कानात भोंगा. प्रात्यक्षिकात हे फार प्रभावी दिसते. पण ताशी 90 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 25 मीटर कापते. शंभर मीटर अलीकडे इशारा मिळाला तरी हातात चार सेकंद. कामगाराच्या कानांवर आवाज रोखणारी झाकणे आहेत, हातात खडखडणारे यंत्र आहे, पाठ वाहतुकीकडे आहे. भोंगा ऐकू येणे, तो आपल्यासाठी आहे हे उमगणे, कुठल्या बाजूला पळायचे ते ठरवणे, आणि पळणे. त्यातून वाऱ्याने कोन पडला तरी भोंगा वाजणार. दिवसात सहा वेळा खोटा वाजला की सातव्या वेळी कुणी मान वर करणार नाही. पुन्हा तोच लांडगा. अशी यंत्रे वापरूच नयेत असे मी म्हणत नाही. जिथे दुसरे काही शक्य नाही तिथे चार सेकंदही मोलाचेच. पण ती दाखवून काँक्रीटच्या अडथळ्याचा खर्च वाचवला जात असेल, तर तो कामगाराच्या जिवावर केलेला हिशेब आहे.

त्यापेक्षा माणसालाच वाहतुकीच्या तोंडातून बाजूला काढणारे तंत्र मला श्रेष्ठ वाटते. दोन लेनच्या साध्या रस्त्यावर एक बाजू खोदली की दोन टोकांना झेंडी घेऊन दोघे उभे राहतात. एका बाजूची वाहने सोडायची, दुसरीकडची अडवायची. उन्हात, धुरात, सगळ्यांच्या शिव्या खात. त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये असते ते फक्त एक कापड. दुरून चालवता येणारा आडवा दांडा आणि दिवा असलेले साधन असेल तर तोच माणूस रस्त्याबाहेर, आडोशाला उभा राहून तेच काम करतो. त्याची नोकरी जात नाही, जागा बदलते. हलवता येणारे सिग्नल दोन्हीकडची रांग मोजून वेळ देऊ लागले तर समोर एकही गाडी नसताना चार मिनिटे लाल दिवा पाहत बसावे लागत नाही, आणि लाल मोडून घुसण्याची इच्छाही कमी होते. हळू चालणाऱ्या कामांच्या मागे, म्हणजे पट्टे मारणाऱ्या गाडीच्या मागे, एक ट्रक चालतो. त्याच्या पाठीला धक्का झेलणारी जाडजूड गादी असते. तो ट्रक ठोकर खाण्यासाठीच असतो, आणि त्यात चालक बसलेला असतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2017 मध्ये असा ट्रक चालकाविना, पुढच्या गाडीच्या मागोमाग चालवून दाखवला. स्वयंचलित गाड्यांविषयी एवढे बोलले जाते, पण मला त्या सगळ्यांत हा ट्रक अधिक माणुसकीचा वाटतो. ज्या खुर्चीत बसण्याचा अर्थ ‘मागून कुणी आदळले तर मला आदळो’ असा आहे, ती खुर्ची त्याने रिकामी केली.

आणि कधीकधी सर्वांत हुशार उपाय म्हणजे रस्ता पूर्ण बंद करणे. दोन रात्री वाहतूक दुसरीकडून वळवून काम उरकणे हे पंधरा रात्री एकेक लेन बंद ठेवण्यापेक्षा सुरक्षित ठरू शकते. वळवलेल्या रस्त्यावर किती ताण येईल हे आता वाहनांच्या माहितीवरून आधी मोजता येते. तंत्रज्ञानाचा असाही उपयोग आहे, आणि त्यात कुठेही दिवा लुकलुकत नाही.

खर्चाचा आक्षेप येतो, तो खोटा नाही. दोन तासांत खड्डा बुजवून जाणाऱ्या टोळीला सेन्सरच्या दहा गाड्या ओढत न्यायला सांगणे वेडेपणाचे आहे. तिला ट्रक, बाण आणि चांगला मुकादम पुरे. जिथे वेग जास्त, वाहतूक क्षमतेच्या जवळ, काम अनेक आठवडे चालणारे, आणि रांग वळणापलीकडे जाण्याची शक्यता, तिथे रांगेचा इशारा देणारी यंत्रणा नसणे हाच हलगर्जीपणा समजावा. यातली सीमारेषा मनाने काढायची गरज नाही. लेन बंद करण्याआधी रांग किती लांबेल हे वरच्या गणितासारख्याच गणिताने काढता येते.

पैशांविषयी माझी तक्रार वेगळीच आहे. निविदेत लिहितात: इतके फलक, इतके सेन्सर. कंत्राटदार ते आणून उभे करतो, मोजणी होते, बिल निघते. पुढे एका सेन्सरचे तोंड वाऱ्याने फिरते आणि तो शेजारच्या शेताकडे पाहत बसतो. सौर पॅनेलवर कामाचीच धूळ साचते, बॅटरी उतरते. नव्याचे नऊ दिवस संपलेले असतात. फलक काळा राहतो, आणि काळा फलक म्हणजे ‘पुढे रस्ता मोकळा’ असा चालक अर्थ लावतो. मेलेली यंत्रणा गप्प बसत नाही, खोटे बोलते. म्हणून पैसे वस्तूंचे देऊ नयेत, खऱ्या इशाऱ्याच्या तासांचे द्यावेत. रांग लागली तेव्हा किती मिनिटांत फलक उजळला, ओसरल्यावर किती मिनिटांत विझला, किती वेळा रांग नसताना उजळला, हे यंत्रणा स्वतःच नोंदवत असते. त्या नोंदीवर बिल निघावे. रात्रीच्या पाळीत ‘सेन्सर बंद पडला’ हा निरोप कुणाच्या फोनवर जातो आणि त्याने किती वेळात यायचे, त्या माणसाचे पद करारात लिहिलेले असावे.

इंग्लंडचा अनुभव इथे डोळ्यांपुढे ठेवावा. तिथे मोटरवेच्या कडेची थांबायची लेन वाहतुकीला देऊन टाकली आणि बंद पडलेली गाडी रडार शोधेल, वरच्या फलकावर लेन बंद असल्याची लाल फुली उमटेल, असे सांगितले. बंद गाडी यंत्रणेला कळेपर्यंतचा काळ त्या गाडीतल्या माणसाला धावत्या लेनमध्ये काढावा लागत होता. लोकांचा विश्वास उडाला, आणि एप्रिल 2023 मध्ये सरकारने असे नवे रस्ते करणे रद्द केले. खर्च आणि लोकांचा अविश्वास, ही दोन्ही कारणे त्याने दिली. रडार वाईट नव्हते. डांबराची एक लेन काढून तिच्या जागी रडार ठेवले, तिथे चूक झाली.

मोजमापाचेही एक सांगायचे आहे. अपघात झाल्यावर चौकशी करणे म्हणजे वरातीमागून घोडे. हेच सेन्सर आणि गाड्यांमधली माहिती दाखवते की अमुक तीनशे मीटरवर रोज रात्री करकचून ब्रेक लागतात. तिथे अजून कुणी मेलेले नसते. फलक आणखी मागे न्यायचा, कोनांच्या ओळीचा तिरपेपणा बदलायचा, हे दुसऱ्या दिवशी करता येते, माहिती पाहणारा कुणी असेल तर. मात्र कामगारांच्या बंड्यांतून मिळणारी त्यांच्या हालचालींची नोंद जिवाच्या रक्षणापुरतीच वापरावी. कोण किती वेळ बसला हे मोजायला ती वापरली की दुसऱ्या दिवशी बंड्या कोनांवर टांगलेल्या दिसतील.

पहाटे काम आवरते तेव्हा एक क्रम असतो. शेवटचा कोन ट्रकवर चढतो, बाणाचा दिवा विझतो, माणसे गाडीत बसतात. दोन किलोमीटर मागचा फलक मात्र कुणाच्याच वाटेवर नसतो. तो उलट दिशेला आहे, परत जाऊन विझवावा लागतो, आणि रात्रभर जागलेल्या माणसाला घरी जायचे असते. तो फलक ‘पुढे लेन बंद’ म्हणत सकाळच्या गर्दीसमोर उभा राहतो. बाण विझताच तो आपोआप विझेल अशी तार, खरी किंवा बिनतारी, त्या दोघांमध्ये जोडणे आज शक्य आहे. पुढच्या निविदेत ती एक ओळ घालावी.